आणखी एक लग्नसराई?



सरकारी कचेरींत नोकरी करणाऱ्या मनुष्यास निवृत्तीचा दिवस स्वतः ठरवावा लागत नाहीं. केंद्र सरकारच्या नोकराचीं ६० वर्षें पुरीं झालीं कीं त्या महिन्याच्या अखेरीस त्याला हार घालतात, त्याच्याविषयीं चार चांगले शब्द बोलतात, आणि तो घरीं जातो. परंतु शेतकरी, गवई, सुतार, खानावळ चालविणारी बाई यांना निवृत्तीचें वर्ष कोणी नेमून दिलेलें नाहीं. त्यांचें काम एके दिवशीं थांबतें खरें. पण तें कां थांबलें व कोणी थांबविलें, हें पुष्कळदां त्यांचें त्यांनाहि सांगतां येत नाहीं. आज मी ज्या धंद्याविषयीं बोलणार आहें, तो याच वर्गांतला आहे. तो धंदा म्हणजे फिरत्या डीजेचा. आणि त्यांतून केव्हां बाहेर पडावें, हा आजचा प्रश्न आहे.

मी स्वतः १९९६ सालापासून हा धंदा करीत आलों आहें. त्यामुळें हा प्रश्न माझ्यापुरता केवळ चर्चेचा राहिलेला नाहीं. कार्तिकांत तुळशीचीं लग्नें लागतील, आणि त्यानंतरच्या लग्नसराईसाठीं आतांपासूनच विचारणा होऊं लागली आहे. होय म्हणावें कीं नाहीं म्हणावें, याचें उत्तर मला लौकरच द्यावयाचें आहे.

प्रथम या नांवाविषयीं थोडें सांगतों. 'डिस्क जॉकी' या दोन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून डीजे हा शब्द झाला. डिस्क म्हणजे ध्वनिमुद्रिकेची तबकडी, व जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरील स्वार. नभोवाणीच्या केंद्रांत बसून तबकड्या लावणारा तो एक डीजे. नृत्यगृहांत उभा राहून लावणारा तो दुसरा. आणि आपलीं यंत्रें गाडींत घालून जो समारंभ असेल तेथें जातो, तो फिरता डीजे. आपल्याकडे मात्र या शब्दाचा अर्थ बराच सरकला आहे. 'डीजे आला' असें आपण म्हणतों, तेव्हां कोणी मनुष्य आला असें आपल्या मनांत नसतें. कर्ण्यांच्या भिंतींनीं भरलेला ट्रक आला, असें असतें. कोल्हापूर-साताऱ्याकडे त्यालाच 'डॉल्बी' म्हणतात. वस्तुतः तें एका परदेशी कंपनीचें नांव होय. माणसाचें नांव यंत्राकडे गेलें आणि माणूस नांवावांचून राहिला, यांत या धंद्याची अर्धी हकीकत आली.

आमचें वर्ष पंचांगावर चालतें. तुळशीच्या लग्नापासून आमचा हंगाम सुरू होतो. पौषांत तो थोडा मंदावतो, माघ-फाल्गुनांत पुन्हां चढतो, आणि चैत्र, वैशाख, ज्येष्ठ हे तीन महिने एका तारखेला दोन-दोन ठिकाणांहून बोलावणें येतें. आषाढी एकादशीस चातुर्मास लागला कीं लग्नें थांबतात. मग गणेशोत्सव व नवरात्र. काम ठरलें म्हणजे आम्ही 'सुपारी घेतली' असें म्हणतों. तमाशाचे फड व बँडवाले यांच्याकडेहि हाच शब्द चालतो. सुपारीबरोबर थोडा विसार हातीं पडतो, आणि त्या तारखेस आपण उभे राहूंच, असें वचन आपल्याकडून जातें. मग अंगांत ताप असो कीं घरांत आजारपण असो, ती तारीख मोडतां येत नाहीं. मांडवांत पाहुण्यांना चार तास गाणीं ऐकूं येतात. पण त्या चार तासांसाठीं सामान चढविणें, उतरविणें, तारा जोडणें, जनित्र चालूं ठेवणें व पहाटे सर्व पुन्हां गुंडाळणें, यांत दिवसाचे बारा तास सहज जातात.

आतां असा प्रश्न कोणी विचारील कीं, आजच्या काळांत या माणसाची आवश्यकताच काय उरली? प्रश्न रास्त आहे. मी धंद्यांत पडलों तेव्हां माझ्या लोखंडी पेटींत कॅसेटी असत. हवें तें गाणें नेमकें सांपडावें म्हणून पेन्सिल घालून त्यांची फीत अगोदर गुंडाळून ठेवावी लागे. १९८२ सालीं बाजारांत आलेली कॉम्पॅक्ट डिस्क आमच्या हातांत येण्यास बरींच वर्षें लागलीं. तिच्या मागोमाग लॅपटॉप आला, आणि पाठोपाठ बोटाएवढ्या पेन-ड्राइव्हमध्यें हजारों गाणीं मावूं लागलीं. आज तर प्रत्येक पाहुण्याच्या खिशांतल्या फोनवर हवें तें गाणें मिळतें. गाणें दुर्मिळ होतें तेव्हां तें जवळ असणें हीच आमची पुंजी होती. ती पुंजी आतां संपली.

परंतु एक गोष्ट संपलेली नाहीं, व ती म्हणजे गाण्यांचा क्रम. हळदीच्या संध्याकाळीं तरुण मुलांना हवें असलेलें गाणें आरंभींच लावलें, तर वडीलधारीं माणसें उठून आंतल्या खोलींत जातात, आणि एकदां गेलेलीं पुन्हां बाहेर येत नाहींत. त्याऐवजीं एखादें जुनें कोळीगीत लावावें; मामी-मावश्या खुर्च्यांवरून उठतात, त्यांच्यामागें मुली उठतात, आणि मुली उठल्या म्हणजे मुलगे उठतातच. मी पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे फारसा पाहात नाहीं; पायांकडे पाहतों. खुर्चीखालीं पाय ताल धरूं लागले, कीं ती रांग आणखी दोन गाण्यांत उठणार, असें समजावें. नवऱ्या मुलीचे वडील कोपऱ्यांत एकटेच उभे असतील, तर त्यांच्या तरुणपणचें एखादें गाणें लावावें. हें काम यंत्र करीत नाहीं. जमलेल्या माणसांचें मन ओळखणें, ही या धंद्यांतली विद्या होय.

मिरवणुकीचा प्रकार याहून अगदीं निराळा आहे. तेथें निवड नसते, चढाओढ असते. पुढच्या मंडळाच्या ट्रकापेक्षां आपल्या ट्रकाचा आवाज मोठा असावा, एवढीच मागणी असते. गाणें कोणतें लागलें आहे, हें पुष्कळ वेळां नाचणाऱ्यासहि सांगतां येणार नाहीं. छातींत बसणारे ठोके तेवढे कळतात. एकाच नांवाखालीं हे दोन धंदे चालतात: एक माणसें ओळखण्याचा, व दुसरा आवाज वाहून नेण्याचा. दुसऱ्याची मागणी वाढत गेली आहे, व पहिल्याची कमी होत गेली आहे. निवृत्तीचा विचार करतांना हा भेद मनांत ठेवला पाहिजे.

आतां मुख्य हिशेबाकडे येतों, आणि त्यांतील पहिली बाब शरीराची. पाठ व गुडघे दुखतात. पण सामान उचलण्यास मदतनीस ठेवतां येतात. कानांना मात्र मदतनीस ठेवतां येत नाहीं. आपल्या प्रत्येक कानाच्या आंत, शंखासारख्या एका लहानशा अवयवांत, सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींनीं त्या हलतात, व त्या हालचालीची वर्दी मेंदूस पोंचते. फार मोठा आवाज फार वेळ ऐकला तर या पेशी मरतात, आणि मनुष्याच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेनें याची मर्यादा घालून दिली आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसांतून ८ तास सोसावा. आणि पुढें दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, आणि १०० डेसिबलला अवघीं १५ मिनिटें. मिरवणुकीच्या ट्रकापुढें १०० चा आंकडा सहज ओलांडला जातो, आणि डीजे तेथें १५ मिनिटें नव्हे, रात्रभर उभा असतो.

ही हानि कशी येते, तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ती दुखत नाहीं. कार्यक्रमानंतर कानांत कापूस घातल्यासारखें वाटतें, बारीक शीळ वाजत राहते, आणि दुसऱ्या दिवशीं बरें वाटतें. म्हणून मनुष्य निश्चिंत राहतो. प्रत्यक्षांत प्रथम उंच पट्टींतले स्वर ऐकूं येईनासे होतात, साधारणपणें ४००० हर्ट्झच्या आसपासचे. मग बोलण्यांतील स, श, फ, थ असे वर्ण निसटूं लागतात. समोरचा मनुष्य बोलतो आहे हें कळतें, पण काय बोलतो तें कळत नाहीं. आणि घरांतल्यांना वाटतें कीं, याचें लक्ष नाहीं. कर्णतज्ज्ञांनीं काढलेल्या माझ्या श्रवणाच्या आलेखांत नेमका त्याच ठिकाणीं खड्डा पडलेला आहे.

शरीर झिजलें म्हणून धंदा सोडावा, असें मी म्हणत नाहीं. सर्वच कष्टकरी माणसांचीं शरीरें झिजतात. येथें प्रश्न निराळा आहे. ज्याच्या कानाला उंच स्वर कमी ऐकूं येतात, तो नकळत ते स्वर वाढवितो. आपल्याला योग्य वाटेपर्यंत वाढवितो. शिवाय रात्र चढते तसा कान थकतो, आणि दहा वाजतां जो आवाज पुरेसा वाटे, तो नंतर अपुरा वाटूं लागतो. म्हणजे ज्या इंद्रियानें आवाजाचें माप घ्यावयाचें, तेंच इंद्रिय बिघडलेलें. आणि बिघडलें आहे हें त्याला स्वतःला कळण्याचा मार्ग नाहीं. दृष्टि मंदावलेल्या चालकाची कल्पना करा. तो स्वतःच्या जिवाशीं खेळतो, एवढेंच नव्हे. गाडींत बसलेल्या सर्वांच्या जिवाशीं खेळतो. माझ्या कर्ण्यांसमोर जीं लहान मुलें नाचत असतात, त्यांच्या कानांतल्या केशपेशी अजून शाबूत आहेत. त्यांचें माप माझ्या कानानें घेतां येणार नाहीं. म्हणून हा निर्णय केवळ माझ्या सोयीगैरसोयीचा राहात नाहीं.

यावर एक मधला मार्ग आहे, आणि तो आम्हीं चालवून पाहिला. माझ्याजवळ अकरा वर्षें काम करणारा एक मदतनीस आहे. गेले दोन हंगाम आवाजाची मात्रा तो ठरवितो, व गाणीं मी निवडतों. वरवर पाहतां ही वांटणी चांगली आहे. परंतु गाणीं निवडणें म्हणजे तरी काय? एखादी आजी हळूच येऊन कानाशीं एका गाण्याचें नांव सांगते. एखादा भाऊ म्हणतो, ताईच्या सासरचे आतां निघणार आहेत, एक शेवटचें गाणें लावा. या गोष्टी ऐकूं येणें, हाच निवडीचा पाया आहे. आणि गर्दींतल्या गोंगाटांत कानाशीं सांगितलेलें हें बोलणेंच तर मला आतां ओठांवरून ओळखावें लागतें. तेव्हां मधला मार्ग एखाद्या हंगामापुरता ठीक. त्याच्यावर कायमचा संसार मांडतां येत नाहीं.

दुसरी बाब पैशाची. या धंद्यांत निवृत्तिवेतन नाहीं. भविष्यनिर्वाह निधि नाहीं. जी कांहीं शिल्लक, ती यंत्रांच्या रूपानें गोदामांत असते, व त्या यंत्रांची किंमत दरवर्षीं उतरते. यंत्र नवें असतें तोंवर त्यावर कर्ज असतें, आणि कर्ज फिटतें तोंवर तें जुनें होतें. मग गिऱ्हाईक म्हणतें, शेजारच्या गांवच्या डीजेकडे नवें आहे. पुन्हां कर्ज, आणि तें फेडण्यासाठीं पुन्हां एक हंगाम. अशा रीतीनें पुष्कळ माणसें धंद्यावरील प्रेमामुळें नव्हे, तर हप्त्यांमुळें धंद्यांत राहतात. २५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी लागली, ती नेमकी चैत्राच्या तोंडावर. पुढें लग्नास परवानगी मिळाली तीहि ५० पाहुण्यांपुरती. त्या वर्षीं आमच्यापैकीं कित्येकांचे कर्णे गोदामांत पडून राहिले व हप्ते मात्र चालूं राहिले. त्या अनुभवानंतर माझ्या मनानें एक नियम धरला आहे: निवृत्तीचा विचार कर्ज फिटल्यावर व नवें कर्ज काढण्यापूर्वीं, या मधल्या काळांतच करावा. तो काळ फार लहान असतो. माझा तो आतां आहे.

तिसरी बाब समाजाची व कायद्याची. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाविषयींचे नियम २००० सालीं झाले. त्यांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं. सणाउत्सवांसाठीं वर्षांतून जास्तींत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढविण्याचा अधिकार राज्य सरकारांस आहे. जुलै २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या प्रश्नावर विस्तृत निकाल दिला. २०१८ सालच्या गणेशविसर्जनापूर्वीं आमच्या व्यवसायांतील एका संघटनेनें मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली, तेव्हां डीजेवरील बंदी उठविण्यास न्यायालयानें नकार दिला. हे नियम जाचक आहेत, असें आमच्यांतले पुष्कळजण म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. आजाऱ्याची झोंप व विद्यार्थ्याचा अभ्यास यांना कोठें तरी आश्रय असलाच पाहिजे.

परंतु येथें आपणांसहि एक गोष्ट नम्रपणें सांगावीशी वाटते. तक्रार करणारा गृहस्थ व आवाज वाढविण्यास सांगणारा गृहस्थ पुष्कळदां एकच असतो. मांडव कोणाच्या दारीं आहे, एवढाच काय तो फरक. दहा वाजले, आतां थांबवितों, असें डीजेनें म्हटलें म्हणजे यजमान म्हणतात, पोलिसांचें आम्ही पाहून घेऊं. डीजेनें वाजविलें तर कायदा त्याच्या मागें लागतो, आणि न वाजवावें तर उरलेली रक्कम अडकते. दोहोंच्या मध्यें उभें राहण्यास अंगांत जोम लागतो. तो तारुण्यांत असतो, पुढें ओसरतो. हेंहि निवृत्तीचें एक कारण होय, व तें लपविण्यासारखें नाहीं.

आतां दुसरी बाजू. ज्या मुलींच्या हळदीस मीं गाणीं लावलीं, त्यांच्या मुलामुलींचीं लग्नें आतां ठरूं लागलीं आहेत, आणि 'आमच्या वेळचाच डीजे हवा' असें म्हणून फोन येतात. अशा वेळीं नाहीं म्हणणें जड जातें. घरीं बसून काय करूं, ही भीति आहेच. जन्मभर जो दुसऱ्यांच्या आनंदाच्या वेळीं हजर राहिला, त्याला वैशाखांतली रिकामी संध्याकाळ कशी जाईल, हें सांगतां येत नाहीं. परंतु या साऱ्या विचारांत एक गोष्ट समान आहे: हीं कारणें माझ्या बाजूचीं आहेत; मांडवांत जमलेल्या माणसांच्या बाजूचें त्यांत एकहि नाहीं. पुन्हां बोलावणाऱ्या त्या बहिणींनाहि हवा आहे तो वीस वर्षांपूर्वींचा डीजे, ज्याला त्यांचें बोलणें ऐकूं येत होतें.

आमच्या धंद्यांत कोणी कोणाला निवृत्त करीत नाहीं. फोन हळूहळू कमी होतात, इतकेंच. पहिल्या वर्षीं मंदी आहे असें वाटतें, दुसऱ्या वर्षीं नशिबाला बोल लावला जातो, आणि तिसऱ्या वर्षीं गोदामाचें भाडें थकतें. म्हणून फोन वाजत आहेत तोंवरच दिवस ठरवावा, म्हणजे धंदा दुसऱ्याच्या हातीं चालता देतां येतो. बंद पडलेला धंदा कोणी घेत नाहीं.

तेव्हां मीं ठरविलें तें असें. ज्या सुपाऱ्या घेतल्या आहेत, त्या पुऱ्या करावयाच्या. वचन तें वचन. मिरवणुकीची सुपारी यापुढें घ्यावयाची नाहीं. यंत्रें माझ्या मदतनिसाला द्यावयाचीं. मीं तीं ज्या किमतीस घेतलीं त्या किमतीस नव्हे, आज बाजारांत जी येईल त्या किमतीस, व त्याला झेपतील अशा हप्त्यांनीं. आवाज मोजण्याचें लहानसें यंत्र त्याला मीं घेऊन दिलें आहे, आणि आपल्या कानावर विश्वास ठेवूं नये, काट्यावर ठेवावा, हें त्याला सांगितलें आहे. कानांत घालावयाचे बोळे तो घालतो. दरवर्षीं कान तपासून घेण्याचेंहि त्यानें कबूल केलें आहे. पायांकडे पाहावयास तो शिकलाच आहे.

आपल्यापैकीं कोणाच्या घरीं येत्या हंगामांत कार्य असेल, तर डीजे ठरवितांना भाड्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. पहिला, तो किती वाजतां थांबणार. आणि दुसरा, लहान मुलें जेथें नाचतील तेथें आवाज किती डेसिबल असेल. या प्रश्नांचीं नीट उत्तरें देणारा मनुष्य आपलें काम जाणतो, असें खुशाल समजावें. आणि एकदां तो ठरल्यावर त्याच्या थांबण्याच्या वेळेस आपणहि त्याच्या बाजूनें उभे राहा.

दिवस कोणता, एवढेंच आतां सांगावयाचें राहिलें. येती आषाढी एकादशी मीं नक्की केली आहे. त्या दिवशीं लग्नांचे मुहूर्त संपतात आणि आमचे कर्णे तसेहि गप्प होतात. दर वर्षीं ते गणपतीपूर्वीं पुन्हां बाहेर निघत. या खेपेस ते निघतील, पण ट्रकावर मी नसेन.